दीड तासाचा भागाकार

कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ आणि गोंदियाचं बिरसी विमानतळ यांच्यातलं अंतर किती? सरळ रेषेत ८३० किलोमीटर. विमानाला वेळ किती? मोबाइलवर विचारलं की उत्तर येतं, एक तास ३२ मिनिटं.

हे उत्तर वाचून माझ्या भाच्याने मला फोन केला होता. तो मूळचा कागलचा, नोकरी गोंदियाला, बँकेत. त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, कोल्हापुरात तातडीने ऑपरेशन करायचं ठरलं होतं. ‘‘मामा, दीड तास दाखवतंय. दुपारपर्यंत पोचतो,’’ म्हणाला. आवाजात हायसं वाटल्याचं कळत होतं.

तो पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी. रेल्वेने. ऑपरेशन आटोपून बहीण वॉर्डात आली होती.

त्या एक तास ३२ मिनिटांचं मूळ मी पुढे शोधून काढलं. ते कुठल्या वेळापत्रकातून आलेलं नाही. अंतर घ्यायचं, ताशी ८०० किलोमीटरने भागायचं, उडण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवायचा. झाला विमानप्रवास. कोल्हापूरहून बिरसीला थेट विमान आहे का, असलंच तर कुठल्या वारी, याची चौकशी त्या हिशेबात नसते. दोन ठिकाणं दिली की भागाकार मिळतो. समुद्रातली दोन बेटं दिली तरी मिळतो.

भागाकारावर माझा राग नाही. राग आहे तो याच भागाकाराने विमानतळांची उद्घाटनं करण्याच्या पद्धतीवर.

●

आधी हिशेब नीट मांडू.

विमानाचा वेळ नुसत्या उडण्याचा नसतो. विमान कंपन्या जो वेळ धरतात तो चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीच्या टोकाला जाणं आलं, चढणं आलं, उतरण्यासाठी वळसा घेणं आलं. छोट्या विमानतळांवर उतरणारं विमान बहुतेक वेळा पंख्यांचं, म्हणजे एटीआर जातीचं, सत्तरेक आसनांचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. ताशी ८०० ही मोठ्या जेटची चाल. म्हणजे ८३० किलोमीटरला एटीआर दोन तास घेईल. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असला तर गोंदियाकडे जाताना काही मिनिटं वाचतील, येताना तीच भरावी लागतील.

दोन तास धरू. दोन तासही फार चांगले आहेत. पण हे दोन तास अस्तित्वातच नाहीत.

अस्तित्वात आहे ती महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूर ते गोंदिया, १३४६ किलोमीटर, साधारण अठ्ठावीस तास. एकाच राज्याच्या हद्दीत एवढं अंतर कापणारी दुसरी गाडी देशात नाही. मिरज, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर असं करत ती राज्याला प्रदक्षिणा घालते. सरळ रेषेपेक्षा ५०० किलोमीटर जास्त. त्या गाडीचे उपकार मी मानतो. माझा भाचा तिच्यातूनच आला. पण तिचा वळसा हा आपल्या राज्याच्या नकाशाचा वळसा आहे : तिरपं जाणारं काही बांधायचंच नाही, असा.

●

विमानाने जायचंच असेल तर वाट होती ती हैदराबादची. कोल्हापूरहून हैदराबादला विमानं गेली आहेत, बिरसीहूनही गेली आहेत. कोल्हापूर–हैदराबाद साडेचारशे किलोमीटर, हैदराबाद–गोंदिया सव्वापाचशेच्या आत. म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी तेलंगणाच्या राजधानीत उतरतो, चार-सहा तास बसतो आणि दुसरं विमान पकडतो. तेही दोन्ही विमानं एकाच दिवशी आणि योग्य क्रमाने असली तर.

दुसरी वाट नागपूरची. गोंदिया ते नागपूर रेल्वेने १३० किलोमीटर, तिथून पुढे विमान. भाच्याने तेही पाहिलं. त्या वारी कोल्हापूरचं विमान नव्हतं.

या दोन शब्दांत प्रादेशिक विमानसेवेचं सगळं दुखणं आहे : त्या वारी. आजारपण वार बघून येत नाही. मुलाखतीचं बोलावणं येत नाही, कोर्टाची तारीख येत नाही, मयत तर नाहीच नाही. आठवड्यातून तीन दिवस उडणारं विमान उरलेल्या चार दिवशी अंतर पुन्हा अठ्ठावीस तासांचं करून टाकतं. म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर किलोमीटरमध्ये सांगू नये, मिनिटांतही सांगू नये. ते आठवड्याच्या फेऱ्यांत सांगावं. सात फेऱ्या म्हणजे जवळ. तीन म्हणजे लांब. शून्य म्हणजे विमानतळ नाही, मग काचेची इमारत कितीही चकचकीत असो.

●

बिरसीची गोष्ट बघा. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, इंग्रजांची. पुढे ती लांब झाली, रुंद झाली. वैमानिक घडवणारी राष्ट्रीय संस्था तिथे आली. गोंदियाच्या आकाशात शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. तिथे शिकलेली मुलं पुढे देशभर विमानं चालवतात. भाताच्या बांधावरून वर बघणाऱ्या शेतकऱ्याला विमान हे रोजचं दृश्य आहे. त्याच्या हाती तिकीट मात्र १३ मार्च २०२२ ला आलं, इंदूर–गोंदिया–हैदराबाद या सेवेचं. काही महिन्यांत ती थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबादचं विमान आणलं.

उजळाईवाडी तर त्याहून जुनं. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, कोल्हापूर संस्थानाने विमानतळ उघडलं. ज्या काळात तालुक्याच्या गावाला धड रस्ता नव्हता त्या काळात एका संस्थानाने आकाशाची वाट केली. १० मार्च २०२४ ला तिथल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, दगडी कमानींची देखणी इमारत. पंचाऐंशी वर्षांत तिथल्या सेवा किती वेळा सुरू झाल्या आणि किती वेळा बंद पडल्या, हे कोल्हापूरकराला विचारा. बोटं पुरत नाहीत.

सोलापूरची गोष्ट आणखी कडू. विमानाला अडथळा ठरते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. सभासद शेतकऱ्यांचा विरोध होता, डोळ्यांत पाणी होतं. विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं. पहिलं प्रवासी विमान, गोव्याचं, उडालं ९ जून २०२५ ला. चिमणी पडून दोन वर्षं, फीत कापून आठ महिने. पाडायची घाई होती, मग उडवायची का नव्हती?

सिंधुदुर्गात ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचं विमानतळ सुरू झालं आणि मुंबईचं विमान आलं. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला, आंबा पाठवणाऱ्या बागायतदाराला, मालवणात घरगुती खानावळ चालवणाऱ्या वहिनीला त्या विमानाची आशा होती. ‘उडान’ या केंद्राच्या विमानसेवा योजनेतली मदतीची तीन वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सेवा थांबली.

नांदेड तर या योजनेच्या पहिल्या दिवसाचं मानकरी. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्याहून ‘उडान’चा आरंभ केला, त्याच वेळी नांदेड–हैदराबाद विमानालाही हिरवा झेंडा मिळाला. ज्या कंपनीने ती सेवा चालवली तिची विमानं २०२२ मध्ये जमिनीवर आली.

●

हे सगळे अपघात नव्हेत. योजनेच्या बांधणीतच ते लिहिलेलं आहे.

‘उडान’मध्ये तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपयांच्या आसपास भाडं ठरलं, तेही विमानातल्या ठरावीक आसनांना. कंपनीचा तोटा भरून द्यायला व्यवहार्यता तफावत निधी आला. त्यातला मोठा वाटा मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर बसवलेल्या आकारातून येतो, पाचवा हिस्सा राज्य सरकार देतं. मदत तीन वर्षांची. चौथ्या वर्षी मार्गाने आपल्या पायांवर उभं राहावं, ही अपेक्षा.

ती अपेक्षा किती फळली, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात आकड्यांनी सांगितलं. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले. ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पुरी केली. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये उडत होते, ते फक्त ५४. शंभरातले सात.

शंभरातले सात! एस.टी.ने जाहीर केलेल्या शंभर गाड्यांपैकी सातच टिकल्या असत्या तर गावोगावी रास्ता रोको झाला असता. विमानासाठी कोणी रस्ता अडवत नाही, कारण आपण मनातून अजून विमानाला चैन समजतो. ज्या लेकराला आईच्या ऑपरेशनला पोचायचं आहे त्याची ती चैन नाही. तो तिकिटाचे पैसे मोजायला तयार होता. विकत घ्यायला तिकीटच नव्हतं.

●

आणि मार्ग दिले कुठले? बघा, राज्यातल्या बहुतेकांची धाव मुंबईकडे. कोल्हापूर–मुंबई, चिपी–मुंबई, अमरावती–मुंबई, सोलापूर–मुंबई. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. तिथली उतरण्याची प्रत्येक वेळ, ज्याला विमानवाले स्लॉट म्हणतात, सोन्याच्या भावाची. मोठ्या शहरांची मोठी विमानं पहाटेच्या आणि संध्याकाळच्या वेळा घेतात, छोट्या गावांच्या विमानाला दुपार मिळते. दुपारी मुंबईत उतरणाऱ्या माणसाचं मंत्रालयातलं काम त्या दिवशी होत नाही. त्याला मुक्काम पडतो. विमान दीड तासाचं, काम दोन दिवसांचं.

नवी मुंबईचं विमानतळ २०२५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. तिथल्या सकाळच्या वेळांपैकी ठरावीक वाटा राज्यातल्या छोट्या विमानतळांना राखून ठेवा, ही मागणी आत्ताच करायला हवी. एकदा वेळा वाटून झाल्या की त्या परत मिळत नाहीत.

पण त्याहून मोठी मागणी दुसरी आहे. मुंबई वगळूनही महाराष्ट्र आहे. नांदेड ते कोल्हापूर सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर. सोलापूर ते अमरावती चारशे. जळगाव ते चिपी सहाशेच्या आत. यांतल्या कुठल्याही जोडीला एटीआर सव्वा ते दीड तासात पोचेल. भागाकाराने ही सगळी गावं शेजारी आहेत. प्रत्यक्षात जळगावच्या माणसाला मालवण किती लांब, हे तिथे सून म्हणून गेलेल्या मुलीच्या आईला विचारा.

राज्य एक करायचं ठरत होतं तेव्हा आपण एकमेकांना शब्द दिला होता. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला, मराठवाड्याला आणि उरलेल्या महाराष्ट्राला बरोबरीने वागवायचं ठरलं. वर्षातून एकदा सरकार नागपूरला जातं ते त्याच करारामुळे. कोल्हापूरच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी चार दशकं लढा दिला, तोही अंतराचाच लढा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच कोल्हापुरात बसलं तेव्हा मुंबईचं अंतर कमी झालं, आणि त्यासाठी एकही किलोमीटर रस्ता बांधावा लागला नाही. अंतर निर्णयानेही कमी होतं. हे आपण एकदा करून दाखवलं आहे.

●

आता हिशेबी माणूस विचारेल : कोल्हापूर–गोंदियाला रोज सत्तर माणसं कुठून आणणार?

प्रश्न रास्त आहे. नाही मिळणार सत्तर. पंचवीसही मिळणार नाहीत. म्हणून थेट विमान मी मागत नाही. मी मागतो ती एस.टी. लाल गाडी मिरजेहून निघते ती एकट्या पंढरपूरच्या उतारूंच्या भरवशावर निघत नाही. वाटेत कवठेमहांकाळला उतरतात, सांगोल्याला चढतात, गाडी भरलेली राहते.

विमानाची तशी वाट आखून बघा. कोल्हापूर–सोलापूर २०५ किलोमीटर. सोलापूर–नांदेड २२५. नांदेड–नागपूर २८०. नागपूर–बिरसी १४०. बेरीज साडेआठशे. सरळ रेषेचं अंतर किती होतं? ८३०. तीन ठिकाणी थांबूनही फक्त वीस किलोमीटरचा वळसा! पाचही गावं जणू एका दोरीत ओवलेली आहेत. पाचही ठिकाणी धावपट्टी आहे. नकाशावर पट्टी ठेवून मी ही रेघ ओढली तेव्हा माझाच विश्वास बसेना, म्हणून दोनदा मोजली.

प्रत्येक टप्पा पाऊण-एक तासाचा, मध्ये पंचवीस मिनिटांचे तीन थांबे. उजळाईवाडीहून सकाळी साडेसहाला निघालेला माणूस अकराच्या सुमाराला बिरसीत. अठ्ठावीस तासांच्या जागी साडेचार. आणि आसनं भरायला एकटं गोंदिया नाही : सोलापूरचा चादरीवाला नागपूरला, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा यात्रेकरू, नागपूरच्या अधिवेशनाला निघालेला कार्यकर्ता, कोल्हापूरच्या दवाखान्यात येणारा मराठवाड्यातला रुग्ण, सगळे एकाच विमानात.

खर्च आहे, तो लपवत नाही. विमानाला चढताना इंधन जास्त लागतं, चार वेळा चढायचं म्हणजे चार वेळा तो खर्च. ‘वायुदूत’ ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये अशाच कामासाठी निघाली होती, पुढे एकोणीस आसनांची डॉर्निअर विमानं तिच्याकडे आली. गावोगाव गेली, तोट्यात बुडाली आणि १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तो धडा विसरू नये. पण धड्याचा अर्थ ‘पुन्हा करू नका’ असा लावू नये. घाटातली, वस्त्यांवरची, शाळेच्या मुलांची एस.टी. आपण फायद्यासाठी चालवत नाही. अंतर कमी करणं हे सरकारचं काम आहे म्हणून चालवतो. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर आपण बांधले. त्यासाठी जमिनी गेल्या, डोंगर फुटले. आकाशातल्या या साडेआठशे किलोमीटरसाठी एका गुंठ्याचंही संपादन नको. धावपट्ट्या आहेत, टर्मिनलं आहेत, फिती कापून झालेल्या आहेत. राहिलं आहे ते वेळापत्रक.

●

म्हणून चार गोष्टी मागतो. साध्या आहेत.

एक, ज्या विमानतळाचं वर्षभराचं वेळापत्रक छापलेलं नाही त्याची फीत कापू नका.

दोन, प्रत्येक विमानतळाच्या दारात फळा लावा : गेल्या महिन्यात किती विमानं ठरली होती, किती उडाली, किती रद्द झाली. गावाचा पैसा आहे, गावाला कळू द्या.

तीन, राज्याने आपल्या वाट्याच्या मदतीतला ठरावीक भाग मुंबईला न जाणाऱ्या मार्गांसाठी बाजूला काढावा, आणि मुदत तीन वर्षांवरून वाढवावी. आंब्याचं कलमही तीन वर्षांत पुरतं धरत नाही. मार्ग कसा धरेल?

चार, प्रत्येक विमानाच्या वेळेला विमानतळाबाहेर एस.टी. उभी असावी. बिरसीहून गोंदिया बारा किलोमीटर आहे. आकाशातून आलेल्या माणसाला तिथे रिक्षा शोधायला लावू नका.

●

भाचा वॉर्डात शिरला तेव्हा बहीण शुद्धीवर होती. पोराच्या चेहऱ्यावर दीड दिवसाची धूळ. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. ‘‘कशाला आलास रं एवढ्या लांबनं,’’ म्हणाली. त्याने मोबाइल खिशात ठेवून दिला. दीड तासाचा आकडा तिला दाखवला नाही.

परवा त्याचा फोन आला होता. बदलीचा अर्ज दिलाय म्हणाला. गोंदिया त्याला आवडतं. तिथली माणसं, तिथला भात, नवेगावबांधचं तळं, सगळं आवडतं. शाखेतही त्याचं बस्तान बसलेलं. अर्जात कारणाचा रकाना असतो. त्याने तिथे एकच शब्द लिहिला आहे : अंतर.